मदत हवी आहे: खाणी बंद पडल्या आणि काकांचा स्वभावच बदलला

नमस्कार. आम्ही डिचोलीचे. गोव्यातल्या खाणी २०१२ मध्ये बंद झाल्या, मग सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केल्यावर परत थांबल्या. काकांचे खनिज वाहतुकीचे ट्रक होते. चवथीला वाड्यावर कुणाला काही कमी पडू न देणारे काका, हप्ते थकल्यापासून तांदूळसुद्धा कुलपात ठेवतात. आता कर्ज फिटलंय, तरी आत्यावरही विश्वास नाही. त्यांच्या याच चिवटपणावर घर तगलं, त्यामुळे दोष द्यायला जीभ रेटत नाही. (नातवाला मात्र अजून हळूच खाऊ देतात.)

खाण भागातल्या कुणी घरात असं पाहिलंय का? माणूस पुन्हा मोकळा कशामुळे झाला? बांबोळीला मानसोपचारासाठी न्यायचं तर त्यांना न दुखावता विषय कसा काढावा?