पूर्ण मॅरेथॉनसाठी हाफ मॅरेथॉनच्या दाखल्याची अट असावी का?

मंदगती (मूळ धागा)

माझे म्हणणे आरंभीच मांडते, म्हणजे चर्चेला फाटे फुटणार नाहीत. पूर्ण मॅरेथॉनसाठी नाव नोंदवणाऱ्या प्रत्येक हौशी धावपटूने त्याआधीच्या दीड-दोन वर्षांत किमान दोन हाफ मॅरेथॉन (सुमारे २१ किलोमीटर) ठरावीक वेळेत पूर्ण केल्याचा दाखला द्यावा, आणि लहानमोठ्या सर्वच आयोजकांनी ही अट काटेकोरपणे पाळावी. काही मोठ्या स्पर्धांत असा दाखला मागितला जातो; परंतु जिल्ह्याजिल्ह्यांत ज्या नव्या स्पर्धा उभ्या राहिल्या आहेत, त्यांतल्या कित्येक ठिकाणी शुल्क भरले की बिब, म्हणजे धावपटूचा क्रमांक असलेला कागद, मिळतो, तो कोणाच्या छातीवर लागणार आहे याची चौकशी कोणी करत नाही.

पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची आहे, पण नोकरदार माणसाने पहाटे उठून धावायला लागण्याची लाट आपल्याकडे आली ती २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यानंतर. या लाटेने मला स्वतःला पुष्कळ दिले आहे. रक्तदाब आटोक्यात आला, झोप सुधारली, आणि ज्यांच्याशी एरवी कधी बोलणे झाले नसते अशा माणसांशी मैत्री झाली. तेव्हा माझी तक्रार धावण्याविषयी नाही, घाईविषयी आहे. ऑगस्टमध्ये कार्यालयातल्या कोणीतरी पैज लावायची, कंपनीने बिब घेऊन द्यायचा, गणपती आणि नवरात्र सरल्यावर सरावाला लागायचे आणि जानेवारीत ४२.१९५ किलोमीटर धावायला उभे राहायचे, हा प्रकार मी आमच्या रविवारच्या गटात दरवर्षी पाहते.

पूर्ण मॅरेथॉन म्हणजे दोन हाफ मॅरेथॉन नव्हेत. स्नायूंत आणि यकृतात साठलेले ग्लायकोजेन, म्हणजे शरीराचे साखरेचे इंधन, साधारण तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत पुरते, त्यामुळे एकवीस किलोमीटर धावणाऱ्याला त्या साठ्याचा तळ कधी दिसतच नाही. मुंबईत हा तळ नेमका कुठे लागतो ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे. पस्तीस किलोमीटर मागे पडलेले असतात, ऊन चढलेले असते आणि परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ समोर येतो. एरवी टॅक्सीतून जाताना हा चढ आहे हेही कोणाच्या लक्षात येत नाही. त्या दिवशी मात्र दुभाजकाला धरून पोटऱ्या ताणणाऱ्यांची रांग लागते, कोणी फुटपाथच्या कडेवर बसून बुटाच्या नाड्या सैल करत असतो, आणि आसपासच्या इमारतींतली मंडळी मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी घेऊन उभी असतात. त्या फोडींचा मान राखून म्हणते, की तिथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी अजून वर्षभर हाफ मॅरेथॉनच धावायला हवी होती.

घाटवाट

मंदगती यांच्या लेखनात एक अंतर्विरोध आहे, तो आधी दाखवून देतो. एकवीस किलोमीटर धावणाऱ्याला साठ्याचा तळ दिसत नाही, असे त्याच म्हणतात; मग एकवीस किलोमीटरचा दाखला बेचाळीस किलोमीटरच्या पात्रतेचा पुरावा कसा ठरतो? दोनच काय, दहा हाफ मॅरेथॉन धावलेल्या माणसालाही तो तळ पहिल्यांदा पूर्ण मॅरेथॉनमध्येच, किंवा सरावातल्या तीस-बत्तीस किलोमीटरच्या लांब धावेत भेटणार.

दुसरी गोष्ट म्हणजे हाफ मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन यांत फरक असतो. आमच्या सातारची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून भरते. तिच्यात यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने वर जायचे आणि त्याच वाटेने उतरायचे असते. चढताना दम लागतो, हे सर्वांनाच कळते; उताराने मांड्यांचे काय होते ते दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळते. सपाट रस्त्यावर सव्वादोन तासांत येणारा माणूस तिथे तीन तास घेतो. आता ‘ठरावीक वेळ’ कोणत्या रस्त्यावरची धरायची? घाटात तीन तास घेणारा अपात्र आणि सपाटीवर अडीच तास घेणारा पात्र ठरला, तर त्या दाखल्यातून कोणाच्याही तयारीविषयी काहीही समजणार नाही.

आणि शेवटी, पेडर रोडवर बसणारे बहुतेक जण पाच-दहा मिनिटांनी उठून चालू लागतात आणि शर्यत पूर्ण करतात. बसणे हा गुन्हा नाही. सज्ञान माणसाने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या पायांनी आणि कोणालाही इजा न करता केलेल्या गोष्टीला इतक्या परवानग्या कशाला?

तिसरी पारी

निवृत्तीच्या उंबरठ्यावर धावायला सुरुवात केलेल्या बाईचे मत येथे नोंदवते. दीड-दोन वर्षांत दोन हाफ मॅरेथॉन, असे सहज लिहिले गेले आहे. त्यात प्रवास, मुक्काम आणि शुल्क धरले तर आमच्यासारख्यांच्या पेन्शनीला ते जड जाते, आणि पैशांपेक्षाही जड जाते ती घरची जुळवाजुळव. पुरुष मंडळी रविवारी पहाटे चारला दार ओढून घेऊन जातात आणि नऊला परत येऊन नाश्ता मागतात. बाई गेली तर नाश्ता कोणी करायचा हा प्रश्न शनिवारी रात्रीच सोडवावा लागतो. पहाटेच्या अंधारात एकट्या बाईला धावता येत नाही, म्हणून सोबत शोधावी लागते. सोबत मिळाली तरी कोपऱ्यावरची कुत्री असतातच. (आमच्या सोसायटीच्या रखवालदाराने मला एक काठी दिली आहे. काठी हातात धरून दहा किलोमीटर धावून पाहा, मग वेग काढण्याविषयी बोलू.)

अशा परिस्थितीत सराव करणाऱ्या स्त्रीचा वेग कमीच राहणार. वेळेची अट आली की सर्वांत आधी गाळल्या जातील त्या आम्हीच, आणि आम्ही तर घाईने धावणाऱ्यांपैकी नव्हे. उलट, माझ्या पाहण्यात पैजेवर धावणारे सगळे तिशी-चाळिशीतले पुरुष आहेत, ज्यांना अडीच तासांत हाफ मॅरेथॉन काढणे मुळीच अवघड नाही.

तंबूतला डॉक्टर

गेली काही वर्षे मी निरनिराळ्या स्पर्धांच्या वैद्यकीय तंबूत काम करतो, म्हणून दोन्ही बाजूंना थोडे खटकेल असे लिहितो.

आधी भीतीचे मोजमाप करू. अमेरिकेत २००० ते २०१० या काळातल्या मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन मिळून सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंचा अभ्यास झाला आहे. त्यांपैकी ५९ जणांचे हृदय धावताना किंवा धावून झाल्यावर लगेच बंद पडले, म्हणजे सुमारे १ लाख ८४ हजारांत एकाचे. तेव्हा ‘धावणे जिवावर बेतते’ हा जो सूर एखाद्या दुर्घटनेनंतर वर्तमानपत्रांत उमटतो, तो अतिरंजित आहे. गुडघ्यांचेही तसेच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात हौशी धावपटूंमध्ये गुडघ्याच्या व खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण ३.५ टक्के, तर बैठे जीवन जगणाऱ्यांत १०.२ टक्के आढळले. मात्र त्याच अमेरिकी अभ्यासात हृदय बंद पडण्याचे प्रमाण पूर्ण मॅरेथॉनमध्ये हाफच्या जवळपास चौपट होते, हे घाटवाट यांनी ध्यानात घ्यावे. अंतर वाढले की धोका वाढतो, आणि तो नुसता दुप्पट होत नाही.

आता प्रत्यक्ष तंबूत काय येते ते सांगतो. बहुतेक पेटके, फोड, काळी पडलेली नखे आणि चक्कर. पण मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती वेगळ्याच रुग्णाची. एकदा पाच तासांहून अधिक वेळ धावून आलेल्या एका गृहस्थांना आणले गेले. बोटे इतकी सुजली होती की अंगठी जागची हलत नव्हती, बोलणे असंबद्ध होते, आणि सोबतचे दोघे मित्र ‘डॉक्टर, याला आधी पाणी द्या’ म्हणून घाई करत होते. वास्तविक त्यांना पाणीच जास्त झाले होते. वाटेतल्या प्रत्येक पाण्याच्या टेबलावर थांबून, तहान नसतानाही दोन-दोन पेले प्यायल्यामुळे रक्तातले सोडियम खाली गेले होते. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्क्यांचे सोडियम कमी निघाले, आणि चार तासांहून अधिक वेळ घेणाऱ्यांत तो धोका अधिक होता. म्हणजे संथ धावणाऱ्याला पिण्यासाठी वेळही जास्त मिळतो आणि टेबलेही तितकीच लागतात. तहान लागेल तेव्हाच प्या, हा साधा सल्ला ‘भरपूर पाणी प्या’च्या गजरात हरवून जातो. दुसरी सर्रास आढळणारी गोष्ट म्हणजे सकाळी उपाशीपोटी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची वेदनाशामक गोळी घेऊन धावणे. घाम गाळत असलेल्या शरीरात ती थेट मूत्रपिंडांवर ताण आणते.

यांतले काहीही हाफ मॅरेथॉनच्या दाखल्याने टळणार नाही. दाखला हा गाडीच्या पीयूसीसारखा आहे. धूर तपासला जातो, ब्रेक कोणी पाहत नाही. घरात कोणाला तरुणपणी हृदयविकार झाला असेल किंवा धावताना छातीत जडपणा येत असेल, तर शर्यतीच्या कितीतरी आधी तपासणी करून घ्यावी. आणि आयोजकांवर अट घालायचीच असेल तर ती एकच घाला: ज्याच्या नावाचा बिब, त्यानेच धावावे. बिबच्या मागे रक्तगट आणि आप्तांचा दूरध्वनी लिहिलेला असतो. ऐन वेळी दुखापत झाली म्हणून मित्राला बिब दिला जातो, मित्र कोसळतो, आणि आम्ही फोन लावतो तो भलत्याच घरी.

खडीचा ट्रॅक

येथे चाललेली सगळी चर्चा शहरातल्या पगारदारांची आहे, म्हणून मराठवाड्यातून दोन शब्द लिहितो. आमच्या परभणीच्या ज्योती गवते यांनी २०१७ साली मुंबईत भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या ललिता बाबर मुंबई मॅरेथॉन गाजवून पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत पोहोचल्या. अशा मुली ज्या रस्त्यांवर तयार होतात, तिथे चिप लावून वेळ मोजणाऱ्या स्पर्धा क्वचितच होतात. भरतीच्या तयारीसाठी रोज पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी आमच्याकडची मुले तुमच्या गटातल्या कोणालाही मागे टाकतील, पण त्यांच्याकडे दाखला मागाल तर त्यांना तो दाखवता येणार नाही. तो मिळवायला छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठावे लागते, आणि नोंदणीचे शुल्क म्हणजे त्यांच्या घरचा काही दिवसांचा किराणा असतो.

शिवनाथ सिंग यांनी १९७८ साली जालंधरला २ तास १२ मिनिटांत पूर्ण मॅरेथॉन धावून जो राष्ट्रीय विक्रम केला, तो चार दशकांहून अधिक काळ टिकला. धावणाऱ्यांची संख्या शेकड्यांवरून लाखांवर गेली, बूट वीस हजारांचे झाले, आणि विक्रम जागच्या जागी राहिला. या हौसेतला किती पैसा जिल्ह्याच्या मैदानापर्यंत पोहोचला, हा प्रश्न मला दाखल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. तो या धाग्याचा विषय नाही, म्हणून येथेच थांबतो. मात्र अटी वाढवाल तर दार बंद होईल ते आधी याच मुलांसाठी, एवढे लक्षात असू द्या.

मंदगती

सर्वांचे आभार. तिसरी पारी यांचा मुद्दा रास्त असल्याने वेळेचा आग्रह मी सोडते. आयोजकांची हाफची जी कमाल मुदत असेल तीत शर्यत पूर्ण केली, एवढे पुरे. खडीचा ट्रॅक यांच्या मुलांसाठी जिल्हा संघटनेच्या मोजलेल्या अंतराच्या कोणत्याही शर्यतीचा निकाल ग्राह्य धरावा, त्यासाठी चिपची गरज नाही.

घाटवाट यांना मात्र उत्तर देणे भाग आहे. दाखला मला क्षमतेसाठी नको आहे, कालावधीसाठी हवा आहे. सरावाला लागले की हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात, दम लागेनासा होतो आणि माणसाला वाटते की आपण तयार झालो. स्नायुबंध आणि हाडे मात्र महिन्यांच्या हिशोबाने मजबूत होतात. या दोहोंमधल्या फटीतच नडगीची हाडे चिरतात आणि टाचा धरतात. आमच्या गटात दुखापतीने बसलेल्यांत जवळपास सगळे याच फटीत सापडलेले आहेत, आणि त्यांत कोणीही आळशी नव्हता. उलट सगळे अतिउत्साही होते. दीड-दोन वर्षांत धावलेल्या दोन शर्यती एवढेच सांगतात, की हा माणूस मधल्या काळात धावत राहिला आहे. पैजेवर धावणाऱ्याला तेवढे दाखवता येत नाही. सज्ञान माणसाच्या स्वातंत्र्याचे म्हणाल, तर तो कोसळल्यावर रुग्णवाहिका अडकते ती सर्वांसाठी.

तंबूतला डॉक्टर

हाडांविषयी मंदगती यांनी लिहिले ते बरोबर आहे. पण दोन शर्यतींच्या मध्ये तो माणूस वर्षभर सोफ्यावर बसलेला असू शकतो, आणि तसे महाभाग मी पाहिले आहेत.

घाटवाट

बिब स्वतः ओळखपत्र दाखवूनच घ्यावा आणि दुसऱ्याला देणाऱ्यावर बंदी घालावी, या डॉक्टरांच्या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. रुग्णवाहिकेचा मुद्दाही मान्य. त्या वाढवाव्यात, आणि आमच्या शुल्कातूनच वाढवाव्यात.

दाखल्याला मात्र विरोध कायम आहे. आमच्या गटातले दोघे या हंगामात पहिली पूर्ण मॅरेथॉन धावणार आहेत. एक शेतकरी आहे, दुसरी शाळेत शिक्षिका. दोघेही वर्षभर पहाटे घाट चढतात, दोघांनीही तीस किलोमीटरची लांब धाव केली आहे, आणि शर्यतीच्या गर्दीची आवड नसल्यामुळे हाफ मॅरेथॉन दोघेही एकदाच धावले आहेत. मंदगती, तुमच्या नियमाने हे दोघे घरी बसतात आणि डॉक्टरांचा सोफ्यावरचा महाभाग धावतो. यांना कोणत्या कारणाने रोखायचे, तेवढे लिहा.