मदत हवी आहे : तडजोडनाम्यात भरपाईची अट कशी लिहावी?

आमच्या गावच्या तंटामुक्ती समितीपुढे बांधाच्या वादाचे प्रकरण आले असून, त्यात १७ वर्षांच्या मुलाने शेजाऱ्यांच्या ठिबकच्या नळ्या कोयत्याने कापल्या आहेत. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये सुरू झाली, पण आमच्याकडे तडजोड म्हणजे हात मिळवणे आणि चहा. नुकसान तसेच राहते. न्यूझीलंडमध्ये १९८९ च्या कायद्यानुसार अल्पवयीन मुलगा, त्याचे कुटुंब आणि नुकसान सोसणारी व्यक्ती एकत्र बसून भरपाई ठरवतात, तसे काही करावे असे वाटते. मुलाने स्वतः नळ्या जोडून द्याव्यात, एवढेच शेजारी मागतात. ही अट कोणत्या शब्दांत लिहावी आणि भावकीचा दबाव टाळण्यासाठी शेजाऱ्यांना आधी वेगळे भेटावे का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.