न्वार कॉमिक्समधे रंग हवेतच कशाला?

शाईचा_डाग:
न्वार, म्हणजे काळोखी, निराश वळणाची गुन्हेकथा, चित्रांत सांगायची तर ब्लॅक अँड व्हाइटच, माझं ठाम मत आहे. फ्रँक मिलरचं 'सिन सिटी' १९९१ मधे सुरू झालं, त्यातला नायक मार्व्ह पावसात चालतो ती पानं काढून बघा, पाऊस म्हणजे काळ्यावर ओढलेल्या नुसत्या पांढऱ्या रेघा, मधे राखाडी नाहीच, माणूस अर्धा अंधारात बुडालाय आणि उरलेला आपण मनात पुरा करतो. रंग भरला की सगळं दिसतं आणि मग भीती उरत नाही.

मध्यरात्र_वाचन:
अजिबात पटलं नाही. 'ब्लॅकसॅड' वाचा. लेखक कानालेस आणि चित्रकार ग्वार्निदो दोघंही स्पॅनिश, पण पहिला भाग २००० साली फ्रेंचमधे आला. १९५० च्या दशकातली अमेरिका, पात्रं सगळी प्राणी, डिटेक्टिव्ह काळा बोका, आणि अख्खं पुस्तक वॉटरकलरमधे. दुसऱ्या भागात सगळीकडे बर्फ, पोलीसप्रमुख पांढरं अस्वल, आणि पांढरे प्राणी काळ्यांच्या जिवावर उठलेत. भीती तिथे अंधाराची नाहीये, पांढऱ्याची आहे! जे होतंय ते भर दिवसा, सगळ्यांसमोर. ते तुमच्या शाईत कसं दाखवणार?

तिसरी_खिडकी:
तुम्ही दोघं शाई आणि रंगावरच अडकलात. लेखक ब्रुबेकर आणि चित्रकार शॉन फिलिप्सचं 'क्रिमिनल' घ्या, २००६ पासूनचं. पहिल्या कथेतला लिओ चोऱ्या आखण्यात पटाईत, पण नियम सोडून पाऊल टाकत नाही, धोका दिसला की पळतो म्हणून लोक भित्रा म्हणतात. घरी बापाचा जुना दोस्त, म्हातारा, विसरभोळा, हेरॉइनच्या आहारी गेलेला, त्याला हाच सांभाळतो. एका कामाला हो म्हणतो आणि तिथून सुटका नाही. माणूस कोंडीत सापडला की झालं न्वार, मग पान कुठल्याही रंगाचं असूदे.

शाईचा_डाग:
बर्फाचा मुद्दा मान्य, मी तसा विचारच केला नव्हता. पण मिलरनेच पुढे एका कथेत फक्त व्हिलनला पिवळा रंग दिलाय, बाकी सगळं काळं-पांढरं, तो पानावर आला की अक्षरशः किळस येते. तीसेक पानं रंगीत असती तर त्या पिवळ्याकडे कोणी बघितलंही नसतं.
आणि तिसरी_खिडकी, कोंडी तर कादंबरीतही असते. मग चित्रं काढायचीच कशाला?

मध्यरात्र_वाचन:
म्हणजे रंग चालतो, मोजून वापरला तर. मग डार्विन कुकचं 'पार्कर' बघा, २००९ चं 'द हंटर', रिचर्ड स्टार्कच्या कादंबरीवरून. काळ्या रेषा आणि वर फक्त एक निळसर छटा. सुरुवातीला पार्कर पूल ओलांडून न्यूयॉर्कमधे शिरतो, कितीतरी पानं जवळजवळ कोणी बोलतच नाही, चेहराही नीट दाखवलेला नाही, फक्त चाल आणि लोकांच्या नजरा. तो कसला माणूस आहे ते तेवढ्यात कळतं. चित्रं कशाला विचारलंत ना, ह्यासाठी.

तिसरी_खिडकी:
ही पानं मी भराभर उलटून पुढे गेलो होतो. आज रात्री परत काढतो.