मोसंबीच्या फवारणीची नळी ऊन लागून ताठ पडते, कोणती घ्यावी?

गोदाकाठ (अंबड, जालना)
रामराम मंडळी. मोसंबीला एचटीपी पंपानं (जास्त दाबाच्या फवारणी पंपानं) फवारणी करतो. साडेआठ एमएमची पिवळी थ्री लेअर नळी आहे. नवी होती तेव्हा छान गुंडाळी व्हायची. आता वेटोळंच होत नाही, वाकवली की पांढरी रेघ पडते आणि क्लिपजवळ चिरा गेल्यात. दुकानदार म्हणतो फाइव्ह लेअर घ्या. चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही, पण थर वाढवून नळी मऊ राहते का? ‘अँटिऑक्सिडंटवाली’ म्हणून एक मिळते, तिचा खरंच उपयोग होतो का?

शिवारातला (परभणी)
भाऊ, थर वाढले की दाब सोसायची ताकद वाढते, ऊन सोसायची नाही. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं जातो, बांधावर पडलेल्या नळीला हात लावू वाटत नाही. आधी ती सावलीत टांगा.

दाणेवाला (वाळूज)
दादा, मी वाळूज एमआयडीसीत पीव्हीसी दाणा बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमची नळी पीव्हीसीची, आणि पीव्हीसी मुळात कडकच. त्याला मऊ करतो तो प्लास्टिसायझर, तेलासारखा द्रव. १०० किलो रेझिनला (म्हणजे कच्च्या पीव्हीसी पुडीला) साधारण ५० किलो घालतात. पण तो रेझिनला रासायनिक बंधानं जोडलेला नसतो, नुसता त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्यांच्या मधे शिरून बसलेला असतो. त्यामुळं उष्णतेनं हळूहळू उडून जातो. त्यात ईसी औषधांमध्ये (पाण्यात टाकलं की दुधाळ होणाऱ्या तेलकट औषधांमध्ये) झायलीनसारखे सॉल्व्हंट असतात, ते आतल्या थरातून प्लास्टिसायझर ओढून काढतात. फवारणी संपल्यावर उरलेलं औषध नळीत तसंच ठेवून वेटोळं उन्हात टाकलं, तर आतून-बाहेरून दोन्हीकडून नुकसान. प्लास्टिसायझर गेला की नळी ताठ होतेच, शिवाय आखडते. म्हणून जिथं क्लिपनं घट्ट धरलंय तिथं आधी चीर जाते.

आता अँटिऑक्सिडंट. गरम प्लास्टिसायझरवर हवेतला ऑक्सिजन हल्ला करतो, त्याचे तुकडे होतात, आम्लं बनतात. हलके तुकडे लवकर उडतात, काही रेझिनशी जमवून घेत नाहीत आणि पृष्ठभागावर घामासारखे येतात. हिंडर्ड फिनॉल जातीचं अँटिऑक्सिडंट ही प्रक्रिया मधेच तोडतं, पण तोडताना स्वतः खर्ची पडतं. ते असतं अगदी थोडं, प्लास्टिसायझरच्या एक टक्क्याहूनही कमी. ते संपलं की ऑक्सिडेशन अडवायला कुणी उरत नाही आणि बिघाड वेग धरतो.

म्हणून ‘अँटिऑक्सिडंटवाली’ एवढ्यावर भुलू नका. उडून जाणाऱ्या प्लास्टिसायझरला ते धरून ठेवू शकत नाही. प्लास्टिसायझरचे प्रकार असतात: डीओपीचा रेणुभार ३९०, डीआयएनपीचा ४१८, टीओटीएमचा ५४७. जितका जड तितका कमी उडतो. टीओटीएम गरम जागेतल्या केबलला वापरतात, शेतीच्या नळीला तो परवडत नाही. डीआयएनपी परवडतो. आणि अँटिऑक्सिडंटचं खरं चीज जड प्लास्टिसायझरमध्येच होतं, कारण तो फारसा उडत नाही, जास्त काळ नळीत राहतो, मग त्याला धोका ऑक्सिजनचाच उरतो.

उन्हाचा भाग पुन्हा वेगळा. उष्णता आणि अतिनील किरणांनी पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, रंग पिवळट-तपकिरी होतो, आणि ते आम्ल पुढचा बिघाड आणखी वाढवतं. त्याला स्टॅबिलायझर लागतो, सोबत एपॉक्सी सोया तेलही घालतात, ते आम्ल शोषतं. किरण अडवायला यूव्ही अब्झॉर्बर किंवा काजळी. काळी नळी उन्हात जास्त टिकते ती त्यामुळंच.

तुमची ती पांढरी रेघ बहुधा खडूच्या पुडीची खूण आहे. स्वस्त नळीत खडू आणि क्लोरिनेटेड पॅराफिन (प्लास्टिसायझरच्या जागी घालतात ते स्वस्त तेल) जास्त असतं.

सोयाबीन (लातूर)
सोयाबीनचं तेल नळीत जातं हे वाचून बरं वाटलं, आमच्या आडतीचा माल! माझा प्रश्न नळीचा नाही. जेवणाच्या टेबलावरचं पारदर्शक कव्हर कडक न होता चिकट झालंय, आणि खालचं पॉलिशही त्याला लागून आलंय. धुऊन चालेल का?

दाणेवाला (वाळूज)
ताई, तेही प्लास्टिसायझरचंच. काही वर आला म्हणून चिकट, काही खाली पॉलिशमध्ये शिरला म्हणून ते मऊ पडलं. साबणानं वरचं निघेल, पण आतून पुन्हा येत राहील. कव्हर बदला आणि नव्याखाली सुती कापड घाला.

गोदाकाठ (अंबड, जालना)
मनापासून आभार. पण दुकानात डीआयएनपी ओळखायचा कसा? त्यालाच माहीत नसतं.

दाणेवाला (वाळूज)
नुसतं बघून ओळखता येत नाही. एक करता येईल. दोन-तीन प्रकारच्या नळ्यांचा वीतभर तुकडा मागून घ्या, सोनाराच्या काट्यावर वजन करा आणि उन्हाळाभर पत्र्यावर ठेवा. मग पुसून पुन्हा वजन करा आणि वाकवून बघा. ज्याचं वजन सर्वांत कमी घटलं आणि रेघ पडली नाही, ती घ्या. केबलच्या पीव्हीसीला प्रयोगशाळेत असंच ८० अंशांच्या भट्टीत ७ दिवस ठेवून आधीची-नंतरची ताकद तपासतात.

शिवारातला (परभणी)
आणि भाऊ, ईसी औषध मारलं की शेवटी साध्या पाण्याची एक टाकी नळीतून सोडा. पंपापासून बागेच्या कडेपर्यंतची लाइन कायमची असेल तर ती एचडीपीईची (टणक पॉलिथिनच्या पाइपाची) करा, त्यात प्लास्टिसायझर नसतोच. मऊ नळी फक्त हातात फिरवायला ठेवा.

गोदाकाठ (अंबड, जालना)
हे पटलं. कडेपर्यंत एचडीपीई टाकतो, पुढं काळी नळी. तुकडे या आठवड्यातच पत्र्यावर ठेवतो, पावसाळ्याआधी वजनं इथं लिहितो.