आतड्याच्या सुजेवरचं इंटिग्रिन अडवणारं इंजेक्शन: मग जखमा भरणार कशा?

उत्तरेश्वर_पेठ: धाकट्या भावाला चार वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडतात. स्टिरॉइड कमी केलं की रक्त परत सुरू. आता डॉक्टरांनी व्हेडोलिझुमॅब सुचवलंय, ते इंटिग्रिन नावाचं पेशीवरचं चिकटणारं प्रथिन अडवतं. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते, म्हणून वाचायला बसले आणि घोळ झाला. इंटिग्रिनमुळं पांढऱ्या पेशी सुजेच्या जागी चिकटतात म्हणे, आणि नव्या रक्तवाहिन्या फुटायलाही इंटिग्रिनच लागतं! मग ते अडवलं तर व्रण भरणार कसे? भाऊ शिरोलीत फाउंड्रीला आहे, हाताला भाजणं-कापणं रोजचंच. आई म्हणते, "सूज उतरंल, पन जखम चिघळली तर?" तिला काय सांगू?

जुना_मास्तर: बाई, आईंचा प्रश्न रास्त आहे. मी कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवायचो. डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा.

इंटिग्रिन हे एकाचं नाव नव्हे, आडनाव आहे. १८ अल्फा आणि ८ बीटा साखळ्यांच्या जोड्या जमून माणसात २४ जणांचं खटलं होतं. तुमचं इंजेक्शन त्यातल्या एकालाच धरतं: अल्फा-४-बीटा-७.

२०१९ चा पूर आठवा. ओढीच्या पाण्यात माणूस एकदम उभा राहू शकत नाही. आधी हाताला लागेल ते धरत, निसटत वेग मोडतो, मग एखादा खांब गच्च मिठीत घेतो. पांढऱ्या पेशीचं तसंच. सूज आली की रक्तवाहिनीच्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची पकडणारी प्रथिनं येतात. पी-सिलेक्टिन आत साठवलेलंच असतं, मिनिटांत वर येतं. ई-सिलेक्टिन नव्यानं घडवायला काही तास लागतात. त्यांची पकड सैल, त्यामुळं पेशी गडगडत मंदावते. मग केमोकाइनचा, म्हणजे सुजेच्या जागी बोलावणाऱ्या रसायनाचा, इशारा मिळाला की पेशीवरचं दुमडलेलं इंटिग्रिन ताठ होतं आणि खांब पकडतं. तिथून अस्तराच्या फटीतून बाहेर.

आतड्यातल्या वाहिन्यांवरचा खांब म्हणजे मॅडकॅम-१. अल्फा-४-बीटा-७ त्यालाच धरतं. हाताच्या जखमेकडं धावणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची भिस्त मात्र बीटा-२ साखळीच्या इंटिग्रिनांवर, आणि त्याला हे औषध हात लावत नाही. बीटा-२ जन्मतःच नसलेली बाळं असतात. त्यांची नाळ उशिरा पडते, रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट, आणि जखमेत पू नाही! पेशी आहेत, पण वाहिनीतून उतरताच येत नाही.

तालमीतला: सर, नाद खुळा! पण रक्तवाहिन्यांचं राहिलं की. ते इंटिग्रिन अडवून कॅन्सरची रसद तोडणार होते ना?

जुना_मास्तर: ते अल्फा-व्ही-बीटा-३, वेगळी जोडी. १९९४ मध्ये दिसलं की ते अडवलं तर नव्यानं फुटणाऱ्या वाहिन्या मरतात, जुन्या शाबूत राहतात. मीही वर्गात मोठ्या तोऱ्यात सांगायचो. पुढं बीटा-३ नसलेल्या उंदरांत कॅन्सरच्या गाठींच्या वाहिन्या उलट जास्तच माजल्या, कारण वाढीचा निरोप घेणारा पेशीवरचा दुसरा रिसेप्टर (निरोप झेलणारं प्रथिन) वाढला होता. सिलेंजिटाइड नावाचं औषध मेंदूच्या गाठीवर मोठ्या चाचणीत वापरलं. २०१४ मध्ये निकाल आला, आयुष्य वाढलं नाही. मला वाटतं आम्ही सगळे या इंटिग्रिनला नुसता अडकवायचा हूक समजत होतो. ते पेशीच्या आत निरोपही पोचवतं, आणि शेजारच्या रिसेप्टरला आवरतंही.

कागलची_सून: ताई, मला व्हेडोलिझुमॅबच चालू आहे. सलाईनमधून अर्धा तास. पहिला डोस, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्याला, पुढं दर आठ आठवड्यांनी. दोन डोस होऊन काही फरक नव्हता, मी रडकुंडीला आले होते. तिसऱ्यानंतर जरा बरं वाटलं. एका ठिकाणी तर "हे कॅन्सरचं इंजेक्शन" म्हणून सासूबाईंना घाबरवून सोडलं होतं.

जुना_मास्तर: परिणाम सावकाशच होतो. नव्या पेशींची वाट अडते, आधीच आत बसलेल्या लगेच उठत नाहीत. याचं थोरलं भावंड नॅटालिझुमॅब अल्फा-४ च्या दोन्ही जोड्या अडवतं, त्यामुळं मेंदूतला पहाराही ढिला पडतो. २००५ मध्ये मेंदूच्या विषाणूजन्य आजारामुळं ते बाजारातून काढलं, २००६ मध्ये कडक अटींवर परत आणलं. दोन्हींत गल्लत करू नका. टीबीची तपासणी झालीय का, तेवढं विचारा.

उत्तरेश्वर_पेठ: ती राहिलीय! बुधवारी विचारते. आईला पुराचं सांगितलं, लगेच समजलं. पण भाजल्यावर बर्नॉल लावायचं की नाही, हे ती अजून विचारतेच आहे.