सोसायटी ग्रुप: सहामाही, दांडिया आणि क्लब हाऊसचं वायफाय

बुधवार

पाटील वहिनी, बी ६०३ (रात्री ८:१२)
नमस्कार. कोणाला दुखवायचा हेतू नाही, पण आज बोलतेच. ओम सात वाजता वही घेऊन "अभ्यासाला जातो" म्हणून क्लब हाऊसला गेला. आठ वाजता जेवायला बोलवायला खाली गेले, तर सोफ्यावर सहा मुलं आणि सहा मोबाईल. ओमची वही टेबल टेनिसच्या टेबलाखाली सापडली. सोमवारपासून सहामाही आहे. बाकीची मुलं कोणाची होती ते मी सांगत नाही.

शिंदे, ए ११०१ (८:१४)
क्लब हाऊसचं वायफाय बंद करा. एजीएमला बोललो होतो. मिनिट्समध्ये आहे.

देसाई काका, सी ४०१ (८:१५)
सांगून टाका हो वहिनी. नाहीतर उद्या वॉचमन सांगेलच 😄

मेघना, बी ९०२ (८:१७)
त्यात माझा आर्य होता, मीच सांगते. पण तो गणिताचा व्हिडिओ बघत होता गं प्रिया. मी त्याला विचारलं.

पाटील वहिनी (८:१८)
मेघना, सगळे एकदम "रिव्हाइव्ह दे, रिव्हाइव्ह दे" ओरडत होते. आठवीच्या गणितात हे कुठल्या धड्यात आहे?

नाईक, सी ७०३ (८:१९)
सी विंगची लिफ्ट तिसऱ्या दिवशी बंद आहे. यावर कोणी बोलणार आहे का?

सावंत, सेक्रेटरी (८:२१)
नाईकसाहेब, लिफ्टचं स्वतंत्र बोलू. वहिनी, तक्रारीची नोंद घेतली 🙏 क्लब हाऊसचं वायफाय ज्येष्ठ नागरिकांच्या मागणीवरून बसवलं आहे, हे कृपया सर्वांनी लक्षात घ्यावं.

देसाई काका (८:२३)
ज्येष्ठांनी वर्तमानपत्र मागितलं होतं. वायफाय तुम्ही दिलंत. आणि पुस्तकांच्या कपाटाची किल्ली दोन वर्षं कुठे आहे तेही एकदा सांगा. या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे, आपल्याला एक कपाट उघडता येत नाही.

सावंत, सेक्रेटरी (८:२४)
किल्ली मागच्या कमिटीकडून आलेलीच नाही.

शिंदे (८:२४)
किल्ली मी हँडओव्हरच्या दिवशी पाकिटात घालून दिली आहे. विषय भरकटवू नका. वायफाय बंद करा.

पाटील वहिनी (८:२६)
आणि घरी बसवावं म्हटलं तर साडेसातला पोडियमवर दांडियाची प्रॅक्टिस. सहाव्या मजल्यावर खिडक्या लावूनसुद्धा गाण्याचा शब्द न् शब्द ऐकू येतो. ओम इतिहास वाचताना पायाने ठेका धरतो.

मेघना (८:२८)
पाटील वहिनी, वर्षातले पंधरा दिवस आहेत. गेल्या वर्षी आपणही पहिल्या रांगेत होतात. फोटो ग्रुपवरच आहेत.

पाटील वहिनी (८:२८)
होते. गेल्या वर्षी परीक्षा आधी होऊन गेली होती.

ॲड. मोरे, ए ५०४ (८:३१)
एक माहिती देतो. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात गृहपाठाची मर्यादा दिली आहे. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. सहावी ते आठवी रोज एक तास. नववीपासून पुढे रोज जास्तीत जास्त दोन तास. यापेक्षा जास्त देत असतील तर पालकांनी शाळेला लेखी विचारावं.

देसाई काका (८:३२)
तुम्ही पुढे व्हा वकीलसाहेब, आम्ही मागे उभे राहतो. बरेच मागे.

कर्णिक बाई, ए २०२ (८:४०)
आत्ता चष्मा सापडला. मोरेंनी सांगितलं ते बरोबर आहे, पण मला उलटा प्रश्न पडतो. आठवीला काम तासाभराचंच असतं. मी वर्षानुवर्षं वह्या तपासल्या आहेत, अंदाज आहे मला. मग ते घरोघरी सात ते अकरा का चालतं?
प्रिया, ओमचा गृहपाठ येतो कुठे? तुझ्या फोनवर. शाळा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकते. म्हणजे अभ्यास सुरू करायचा तर पोराने आधी फोन मागायचा. दूध आणायला गुत्त्यात पाठवायचं आणि वर म्हणायचं, इकडेतिकडे बघू नकोस. पहिला प्रश्न लिहून होईतो वरून चार मेसेज टपकतात. त्यातले दोन आपल्या याच ग्रुपचे असतात, आणि त्यातला एक लिफ्टचा.

नाईक (८:४१)
बाई, लिफ्ट खरंच बंद आहे. आईला सात मजले चढवले आज.

कर्णिक बाई (८:४३)
माहीत आहे रे. आईला विचारलंय म्हणून सांग.

पाटील वहिनी (८:४४)
बाई, फोन नाही दिला तर "होमवर्क काय आहे तेच माहीत नाही" म्हणतो. मग मी काय करू?

कर्णिक बाई (८:५२)
तू उतरवून घे. जूनपासून आमच्या विंगमधली तीन मुलं माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसतात. त्यांच्या आया संध्याकाळी गृहपाठ कॅलेंडरच्या जुन्या पानामागे लिहून देतात. पाच मिनिटं लागतात. मुलं ते पान घेऊन येतात, फोन घरीच. ज्याने आणलाच त्याचा फोन देव्हाऱ्याखालच्या खणात. पंचवीस मिनिटं गजर लावते, मग पाच मिनिटं पाणी, गप्पा, गॅलरीत उभं राहणं. पुन्हा पंचवीस. नावडता विषय आधी, चित्रकला शेवटी. धडा वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि काय आठवतं ते मला सांगायचं. पहिल्या आठवड्यात काही आठवत नाही, मुलं हिरमुसतात. तिथे घाई करायची नाही.
आणखी एक, राग मानू नका. मूल बसलं की दर पाच मिनिटांनी "झालं का? दूध देऊ का?" करून डोकावू नका. तोही व्यत्ययच आहे.

मेघना (८:५३)
बाई, हे माझ्यासाठी होतं का?

कर्णिक बाई (८:५३)
सगळ्यांसाठी. पण हो.

निखिल, सी ८०४ (८:५६)
बाई, तुमच्या गजराच्या पद्धतीला बाहेर पोमोडोरो म्हणतात. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या शेवटी काढली. त्याच्याकडे स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर होतं, आणि पोमोडोरो म्हणजे टोमॅटो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवण्यावरही टेक्सास विद्यापीठातल्या लोकांचा २०१७ चा अभ्यास आहे. आवाज बंद करून फोन टेबलावर पालथा ठेवला तरी कामगिरी घसरते, दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांची सगळ्यात चांगली. नंतर इतरांनी करून पाहिलं तेव्हा मात्र दर वेळी तोच निकाल आला नाही, हेही सांगतो.

देसाई काका (८:५८)
आमच्याकडे टोमॅटो नव्हता. दिवेलागण झाली की शुभंकरोती, मग परवचा. पावकी, निमकी, पाऊणकी. चुकलं की पहिल्यापासून. अजून सगळं पाठ आहे. म्हणूनच मेंटेनन्सच्या बिलातल्या चुका सापडतात.

सावंत, सेक्रेटरी (८:५९)
काका, ऑडिट झालेलं आहे 🙏

शिंदे (९:००)
सगळं ठीक आहे. मूळ मुद्दा: क्लब हाऊसचं वायफाय बंद करा.

जाधव ताई, ए ७०१ (९:०५)
माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलं अभ्यासाला बसतात. पेपरातही आलं होतं. गावाला जमतं, मग आपल्या तीन विंगना का जमू नये?

निखिल (९:०६)
ताई, भारी आहे हे. पण तिथे मोठ्यांचेही मोबाईल बंद असतात ना?

जाधव ताई (९:०६)
सगळ्यांचे. तीच तर गंमत आहे.

निखिल (९:११)
पाच मिनिटं ग्रुपवर एकदम शांतता 😄

मेघना (९:१२)
सात ते साडेआठ जरा अवघड आहे. सासूबाईंची मालिका असते.

शिंदे (९:१२)
माझे ऑफिसचे कॉल असतात. मोठ्यांचा प्रश्न वेगळा. वायफाय बंद करा.

देसाई काका (९:१३)
भोंगा बसवायचाच असेल तर शिंदेंच्या गॅलरीत बसवा. उंचावर आहेत आणि सवयही आहे.

सावंत, सेक्रेटरी (९:१४)
भोंगा वगैरे शक्य नाही. बाजूच्या सोसायटीने स्पीकरवरून आधीच पत्र दिलं आहे.

पाटील, बी ६०३ (९:१६)
प्रिया ओमवर ओरडू नकोस आता. पातलीपाड्याला अडकलोय, अर्ध्या तासात येतो. फोन दे त्याला तोपर्यंत, शांत बसेल.

पाटील वहिनी (९:१६)
हे घरच्या ग्रुपवर टाकायचं होतं.

पाटील, बी ६०३ (९:१७)
हा मेसेज डिलीट करण्यात आला

देसाई काका (९:१७)
वाचला आम्ही, काळजी नसावी.

पाटील वहिनी (९:२१)
आता वाचलाच आहे सगळ्यांनी, तर लिहिते. मीही हेच करते. ऑफिसातून ठाणे स्टेशन, तिथून घोडबंदरची बस, घरी यायला पावणेसात. कुकर लावायचा असतो, तेव्हा शांतता हवी म्हणून फोन मीच देते. मग नऊला हिसकावते आणि भांडण होतं. ओमला कळतच नाही की सातला चालत होतं ते नऊला का चालत नाही.

मेघना (९:२३)
अगं, सगळ्यांकडे हेच आहे. मी तर व्हिडिओ बघतोय यावर विश्वास ठेवायचं ठरवलेलं असतं. निदान मला स्वयंपाक तरी करता येतो.

कर्णिक बाई (९:२६)
मग कुकर लागेपर्यंत त्याला खाली खेळायला सोड. दिवसभर शाळा, मग क्लास, घरी आला की लगेच वही. मोठा माणूस तरी बसेल का? साडेसहा ते सात पळू दे, घाम येऊ दे. सातला माझ्याकडे पाठव. आर्यलाही. टेबलाला आणखी दोन खुर्च्या लागतील, क्लब हाऊसमधल्या द्या.

सावंत, सेक्रेटरी (९:२७)
क्लब हाऊसच्या खुर्च्या घरी नेता येत नाहीत बाई. नियम आहे.

कर्णिक बाई (९:२७)
मग मी टेबल सोडून क्लब हाऊसलाच येऊन बसते.

सावंत, सेक्रेटरी (९:३१)
अध्यक्षांशी बोललो. परीक्षा संपेपर्यंत क्लब हाऊसची आतली खोली सात ते साडेआठ अभ्यासासाठी. बाई बसणार. त्या वेळेत राउटरचं बटण वॉचमन बंद करेल. कृपया सहकार्य करावं 🙏

मेघना (९:३३)
प्रॅक्टिस साडेआठला सुरू करू. दहाला स्पीकर तसाही बंद करावा लागतो. पण मग लहान मुलींना जागरण होईल आणि तेव्हा कोणी मला बोलू नका.

पाटील वहिनी (९:३४)
थँक्यू मेघना. मनापासून.

मेघना (९:३४)
ठीक आहे.

नाईक (९:३५)
लिफ्ट?

गुरुवार

पाटील वहिनी (सायं. ६:५८)
ओमला कागदावर लिहून दिलंय, फोन घरी आहे. बाई, त्याला विज्ञान आधी द्या. नको म्हणेल.

कर्णिक बाई (७:०१)
सात आली आहेत. एकाकडे पेन नाही. मी फोन ठेवते आता.

शिंदे (७:०९)
क्लब हाऊसचं वायफाय कोणी बंद केलं? मी बाहेरच्या सोफ्यावर आहे, घरी रेंज नसते. माझा ऑफिसचा कॉल मध्येच कट झाला.

सावंत, सेक्रेटरी (७:१०)
आपल्याच मागणीवरून. मिनिट्समध्ये आहे 🙏

नाईक (७:१४)
सी विंगची लिफ्ट सुरू झाली. आता दार लागत नाहीये.