मसाल्याच्या पाकिटावर तारीख आणि हिरवी खूण कुठे असावी?

प्रश्न

नमस्कार. साताऱ्यात आमचा कांदा-लसूण मसाल्याचा गृहउद्योग आहे आणि २०० ग्रॅमच्या उभ्या पाऊचचे नवे डिझाइन सध्या तयार होत आहे. डिझायनरने पाठवलेल्या नमुन्यात दर्शनी बाजू गडद लाल असून मधोमध मिरच्यांचे सुरेख चित्र आहे. शाकाहाराची हिरवी खूण मात्र त्या लाल रंगातच खाली कोपऱ्यात बसवली आहे आणि तारीख वरच्या सीलच्या पट्टीवर छापावी, असे सुचवले आहे. ही माहिती केवळ कायद्यापुरती असते, तिच्यामुळे ब्रँडचे रूप बिघडू नये, असे त्यांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, पण त्यांना नेमके काय सांगावे हेही सुचत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (किराणा दुकानदार)

ताई, तुमची शंका रास्त आहे. गिऱ्हाईक पाकीट उचलले की ते उलटसुलट करून तारीख शोधते, सापडली नाही तर माझ्यापुढे धरते, आणि चष्मा लावूनही मला ती वाचता आली नाही तर ते पाकीट परत फळीवर जाते. सीलच्या खाचांवर छापलेले आकडे तुटतात. ३ आहे की ८, ते कळत नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे घरी पाकीट वरूनच कापले जाते. मसाला पुढे कित्येक महिने डब्याशेजारी त्याच पाकिटात राहतो, तारीख मात्र पहिल्याच दिवशी केरात गेलेली असते. ‘उत्पादनापासून अमुक महिने’ असे लिहून लोकांना हिशेब करायला लावण्यापेक्षा अंतिम तारीखच स्पष्ट छापावी. जुना माल पुढे आणि नवा मागे लावताना आम्हालाही तीच उपयोगी पडते.

उत्तर २ (पॅकेजिंग छपाई)

अशा पाऊचवरचे चित्र पारदर्शक फिल्मच्या आतल्या बाजूने छापून त्यावर दुसरा थर चिकटवलेला असतो, त्यामुळे ते कितीही घासले तरी निघत नाही. तारीख मात्र पाऊच तयार झाल्यावर बाहेरच्या गुळगुळीत पृष्ठभागावर उमटवावी लागते, आणि तुमच्या मसाल्यात तेल असल्याने भरताना बोटे तेलकट होतात. हाती शिक्क्याची शाई तिथे टिकत नाही. शक्य असल्यास थर्मल ट्रान्सफर रिबनने, म्हणजे रिबनवरची शाई उष्णतेने पाऊचवर उतरवणाऱ्या यंत्राने, छापून घ्या. मागच्या बाजूला पांढरा चौकोन ठेवून त्यात ‘उत्पादन’, ‘अंतिम तारीख’, ‘बॅच’, ‘किंमत’ हे शब्द आधीच छापून घेतले, तर नंतर फक्त आकडे भरावे लागतील. मोठी ऑर्डर देण्याआधी काही पाऊचवर तारीख छापून ती तेलाच्या बोटाने चोळून पाहा.

उत्तर ३ (ग्राफिक डिझायनर)

हिरव्या खुणेविषयी लिहितो, कारण तिथे नमुना नियमातही बसत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार ही खूण दर्शनी बाजूवर, पदार्थाच्या किंवा ब्रँडच्या नावाजवळ आणि उठून दिसेल अशा पार्श्वभूमीवर असावी लागते. दर्शनी बाजू १०० ते ५०० चौरस सेंटिमीटर असेल, तर ठिपक्याचा व्यास किमान ४ मिलिमीटर आणि चौकटीची बाजू व्यासाच्या दुप्पट लागते. तुमची दर्शनी बाजू साधारण १३ बाय १८ सेंटिमीटर धरली, तर ती याच गटात येते.

लालावर हिरवे हा निर्णय मला विशेष खटकतो. लाल-हिरवा भेद न दिसणारे लोक आपल्या आजूबाजूला असतात, पुरुषांमध्ये अधिक. पूर्वी मांसाहाराची खूणही ठिपकाच होती, फक्त तपकिरी. केवळ रंगावरून फरक न कळणाऱ्यांसाठी याच नियमांत तिचा त्रिकोण करण्यात आला. ज्या खुणेसाठी आकारापर्यंत विचार झाला, ती आपण लालात बुडवावी हे योग्य नाही. उपवासाच्या आदल्या दिवशी दुकानात पाकीट चाळणाऱ्या माणसाचा ब्रँडवरचा विश्वास त्या आठ मिलिमीटरच्या चौकटीपासूनच सुरू होतो.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. नावाशेजारी पांढऱ्या पट्टीवर खूण आणि मागे तारखेचा चौकोन, असा बदल डिझायनरना आजच कळवते. चौकोन अगदी तळाशी घेतला तर चालेल का?

उत्तर २

तळाशी नको. उभ्या पाऊचचा तळ मसाला भरल्यावर फुगतो आणि तिथली छपाई घडीत जाते. तळाच्या घडीपासून चार बोटे वर, सपाट भागावर घ्या.